काकांचा मृत्यू दाखला आणि साडेसात हजार रुपये

माझे काका गेल्या वर्षी मार्गशीर्षात पुण्यातील एका खासगी रुग्णालयात वारले. ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले लिपिक होते. मूलबाळ नसल्यामुळे मागे काकू एकट्याच उरल्या आणि कागदपत्रांची सगळी कामे पुतण्या म्हणून माझ्याकडे आली. अंत्यसंस्कार पुण्यातच झाले. दहावे-तेरावे मात्र सातारा जिल्ह्यातील आमच्या गावी केले, आणि काकूंना तेथे थोडे स्थिर करून मी पुण्याला परतलो तेव्हा काकांना जाऊन चोवीस दिवस झाले होते.

हा चोवीस आकडाच माझ्या फसवणुकीच्या मुळाशी आहे. तेराव्याला जमलेल्या मंडळींपैकी कोणीतरी मला बजावले होते, की मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत केली नाही तर पुढे कोर्टात जावे लागते. ती धास्ती मनात घेऊनच मी जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयात गेलो. खिडकीसमोर मोठी रांग होती आणि जेवणाची सुट्टी व्हायला थोडाच वेळ उरला होता. म्हणून आधी आधार कार्डाच्या प्रती काढून घ्याव्यात या विचाराने मी बाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात गेलो. तेथे उभ्या असलेल्या एका गृहस्थाने माझ्या हातातील रुग्णालयाचा कागद पाहिला आणि अत्यंत सहानुभूतीने विचारले, "दादा, घरातलं कोणी गेलं का? किती दिवस झाले?" मी चोवीस म्हणताच त्याने मान हलवली. "मग खिडकीवर जाऊन उपयोग नाही. थांबा, मी आत विचारून येतो."

दहा मिनिटांनी परत येऊन त्याने सांगितले, की रुग्णालयाने मृत्यू कळवलेलाच नाही, मुदत उलटली आहे, आता प्रतिज्ञापत्र करून मॅजिस्ट्रेटची ऑर्डर आणावी लागेल आणि त्यात तीन-चार महिने सहज जातील. मात्र त्याच्या ओळखीने आठ दिवसांत काम होईल. पाच प्रतींसह साडेसात हजार रुपये ठरले. अडीच हजार मी रोख दिले आणि पाच हजार त्याने दाखवलेल्या क्यूआर कोडवर मोबाइलवरून पाठवले. पैसे घेणाऱ्याचे म्हणून पडद्यावर जे नाव आले ते एका बाईचे होते. त्याच क्षणी मी थांबायला हवे होते. पण काकूंचे निवृत्तिवेतन अडकेल, या एका विचारापुढे मला दुसरे काही सुचत नव्हते. काकांचे आणि काकूंचे आधार कार्ड, काकांचे पॅन कार्ड, काकूंच्या बँक पासबुकाचे पहिले पान, या सगळ्यांच्या प्रती मी त्याच्या हवाली केल्या. मृत्यूच्या नोंदीसाठी काकूंचे पासबुक कशाला लागते, हेही मी विचारले नाही.

नवव्या दिवशी दाखले मिळाले. जाड कागद, वर राजमुद्रा, खाली शिक्का आणि सही, कोपऱ्यात क्यूआर कोड. एक प्रत मी बँकेत दिली, एक विमा कार्यालयात दिली आणि काकूंचे कुटुंब निवृत्तिवेतन सुरू व्हावे म्हणून एक कोषागार कार्यालयात दिली.

तो कागद खोटा असल्याचे कोषागारातील एका महिला कर्मचाऱ्याच्या ध्यानात आले. दाखला हातात घेऊन त्यांनी फक्त एका ओळीवर बोट ठेवले: "मृत्यूचे कारण – हृदयविकार". "दादा, हा दाखला तुम्ही कुठून काढला? खऱ्या दाखल्यावर मृत्यूचं कारण कधीच छापत नाहीत." जन्म आणि मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ च्या कलम १७ मध्ये तसे स्पष्ट म्हटलेले आहे. कारण नोंदवहीत असते, पण कोणालाही दिल्या जाणाऱ्या उताऱ्यात ते उघड करता येत नाही. मग त्यांनी क्यूआर कोड तपासला. उघडलेले पान थेट सरकारी पानासारखे दिसत होते, काकांचे नावही त्यावर होते, पण वरच्या पत्त्यातील संकेतस्थळाच्या नावाचा शेवट 'जीओव्ही डॉट इन' असा नव्हता. कोड तपासला की दाखला खरा ठरतो असे मी धरून चाललो होतो. प्रत्यक्षात तो कोड त्याच लोकांनी उभारलेल्या पानावर नेत होता. आपल्यासमोर असा दाखला आला तर पान कसे दिसते याकडे लक्ष न देता पत्त्यातील संकेतस्थळाच्या नावाची, म्हणजे पहिल्या तिरप्या रेघेआधीची, अखेरची अक्षरे वाचावीत.

त्यांनी मला लेखी खुलासा द्यायला लावला, आणि ते योग्यच होते. बनावट दस्तऐवज खरा म्हणून सादर करणे हा स्वतंत्र गुन्हा आहे, आणि तो सादर करणारा मी होतो. त्या संध्याकाळी काकूंना हे फोनवर सांगताना मला शब्द सुचेनात. "तू माझ्यासाठीच धावत होतास ना," एवढेच त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मी रांगेत उभा राहिलो आणि खिडकीवर काकांचे नाव, मृत्यूची तारीख आणि रुग्णालय सांगितले. दोन मिनिटांत नोंद सापडली. ती मृत्यूनंतर तिसऱ्याच दिवशी झालेली होती. रुग्णालयात झालेला मृत्यू कळवण्याची जबाबदारी कायद्याने रुग्णालयाच्या प्रमुखावर असते. घरी मृत्यू झाला तरच ती कुटुंबप्रमुखाकडे येते. नोंद होते तीही जेथे मृत्यू घडला त्या ठिकाणच्या निबंधकाकडे, मग मृताचे गाव कोणतेही असो. २१ दिवसांची मुदत ही मृत्यू कळवण्याची आहे, दाखला घेण्याची नाही. एकदा नोंद झाली की प्रती वर्षांनंतरही मिळतात. त्या गृहस्थाने ज्या ऑर्डरची भीती घातली, ती तर नोंदच झाली नसती तरीही लागली नसती. २१ ते ३० दिवसांच्या दरम्यान निबंधक स्वतःच विलंब शुल्क घेऊन नोंद करतात, ३० दिवसांनंतर वर्षभरापर्यंत जिल्हा निबंधकांची परवानगी लागते आणि दंडाधिकाऱ्यांचा आदेश एक वर्ष उलटल्यावरच लागतो. तो आदेशही १ ऑक्टोबर २०२३ पासून कोर्टातून घ्यावा लागत नाही. जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा त्यासाठी प्राधिकृत केलेले कार्यकारी दंडाधिकारी तो देतात. मृत्यू कळवणाऱ्याला दाखला विनामूल्य द्यावा, असेही कायदा सांगतो. मला लागणाऱ्या पाच प्रतींचे शुल्क तर तीन आकडी रकमेतच भागले.

खऱ्या नोंदीत एक चूक मात्र होती. रुग्णालयाने काकांचे नाव आधार कार्डाप्रमाणे न लिहिता केस पेपरवर होते तसे लिहिले होते आणि वडिलांचे नाव गाळले होते. कलम १५ खाली दुरुस्तीचा अर्ज, रुग्णालयाचे पत्र, काकांच्या सेवापुस्तकाची प्रत, असे करत तीन आठवडे गेले. वेळीच नोंद पाहिली असती तर हीच दुरुस्ती दहाव्याच्या आधी मार्गी लागली असती. म्हणून ज्यांच्या घरी असा प्रसंग येईल त्यांना माझी कळकळीची विनंती आहे, की रुग्णालयातून निघताना मृत्यूच्या अहवालात नाव कसे लिहिले आहे ते आधार कार्ड समोर ठेवून वाचा आणि तो कोणत्या कार्यालयाकडे कधी पाठवणार हे विचारून घ्या. दुःखाच्या त्या घटकेला हे सुचत नाही, हे मी जाणतो. घरातील एखाद्या शांत माणसावर तेवढे एकच काम सोपवा. आणि कोणी "मी आत विचारून आलो" म्हणाला, तर त्याला नोंदणी क्रमांक विचारा, किंवा नोंद नाही असे कार्यालयाकडून लेखी आणायला सांगा.

पोलिसांत तक्रार दिली, सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या मदत क्रमांकावरही कळवले, पण तोपर्यंत पैसे पाठवून चाळीस दिवस झाले होते आणि त्या खात्यात काहीच शिल्लक नव्हते. काकूंच्या बँकेत जाऊन खात्याशी जोडलेला मोबाइल क्रमांक तपासला आणि त्यांचे आधार बायोमेट्रिक कुलूपबंद केले. कागद कोणाच्या हाती गेले आहेत हे कळत नसताना एवढेच करणे शक्य होते.

त्यानंतरचे काम सर्वांत लाजिरवाणे होते. जेथे जेथे तो खोटा दाखला दिला होता तेथे जाऊन तो परत मागायचा आणि खरा द्यायचा. बँकेच्या व्यवस्थापकांनी समजून घेतले. कुटुंब निवृत्तिवेतन पावणेतीन महिन्यांनी सुरू झाले. तोवर काकूंनी घरखर्च गावच्या पतसंस्थेतील ठेव मोडून चालवला. विमा कार्यालयातील प्रत अजून त्यांच्या फाइलमध्येच आहे. ती रद्द केल्याचे पत्र मिळावे म्हणून मी दर सोमवारी तेथे जातो.