न्यूयॉर्कमधील पिस्तूल परवान्याचा प्रशिक्षणवर्ग
जून २०२२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ब्रूएन खटल्यात पिस्तूल सोबत बाळगण्याच्या परवान्यासाठी न्यूयॉर्क राज्याने घातलेली ‘विशेष कारण दाखवा’ ही अट रद्द केली आणि त्याच वर्षी १ सप्टेंबरपासून राज्याने पिस्तूल लपवून सोबत बाळगण्याच्या परवान्यासाठी १६ तासांचे वर्गशिक्षण व २ तासांचा गोळीबाराचा सराव सक्तीचा केला. मी केलेला वर्ग तोच. प्रशिक्षकांनी स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) मागे ओढून, चेंबरमध्ये (गोळी बसते त्या कप्प्यात) करंगळी घालून तो रिकामा असल्याची खात्री करण्याची सवय प्रत्येकाला लावली, शिवाय घरात १८ वर्षांखालील मूल राहत असेल तर शस्त्र कुलपात ठेवण्याचे बंधन तळमळीने समजावले, हे फार मोलाचे वाटले. मात्र टाइम्स स्क्वेअर, भुयारी रेल्वे अशा, परवाना असूनही शस्त्र नेण्यास मनाई असलेल्या ठिकाणांचा भाग घाईने उरकला, आणि परवानाधारकाच्या हातून नकळत गुन्हा घडण्याची भीती नेमकी तिथेच असते. शुल्क भरण्यापूर्वी या भागाला किती वेळ देतात, ते अवश्य विचारावे.