जुन्या बाजारातलं सामान आणि घरगुती रंगरंगोटी: एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

कमी पैशात घर सजवा छापाच्या व्हिडिओत वस्तू तयार झाली त्या दिवशी दाखवतात, तीच वस्तू पुढच्या ऑगस्टमध्ये कशी दिसते ते कोणी दाखवत नाही, म्हणून हे लिहितेय. आम्ही पुण्यात भाड्याच्या वन बीएचकेमध्ये राहतो, तळमजला, मागच्या भिंतीला पावसाळ्यात ओल धरते आणि भिंतीत खिळा मारायची घरमालकांची सक्त मनाई. सामान बरंचसं मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारातलं (बुधवारी आणि रविवारी भरतो, सकाळी लवकर जा, उशीर झाला की उरतो तो कचरा), बाकीचं आईच्या माळ्यावरचं. सरळ सांगते, जे शिवलं, विणलं किंवा नीट घासून रंगवलं ते अजून झकास आहे आणि जे नुसतं चिकटवलं ते जवळपास सगळं सुटलं.

सगळ्यात पैसे वसूल झाले ते पत्र्याच्या ट्रंकेत. खरंतर पैसे लागलेच नाहीत, आईच्या लग्नातली ट्रंक, माळ्यावर गंजत पडलेली, वर जुना हिरवा रंग पोपडे धरलेला. आता जुना रंग खरवडायचा असेल तर एक गोष्ट नक्की वाचा: घरगुती रंगांत शिसं किती चालेल याची ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा आपल्याकडे २०१६ च्या नियमाने आली आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली, म्हणजे त्याच्या आधीच्या रंगात शिसं असू शकतं. कोरडा घासू नका, त्याची धूळ घरभर उडते. वॉटर पेपर (ओला करून वापरायचा पॉलिश पेपर) पाण्यात बुडवून घासा, तोंडाला मास्क लावा, घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर हा उद्योग सोडूनच द्या, मी गंभीरपणे सांगतेय. घासून झाल्यावर पत्रा लगेच कोरडा करायचा, नाहीतर गंज परत हजर. मग रेड ऑक्साइडचा (गंज रोखणारा लाल प्रायमर) एक हात, तो पूर्ण वाळला की ऑइल पेंटचे दोन पातळ हात. पातळ हं, एकच जाड हात मारला की ओघळ येतात. आतून मी रंग लावलाच नाही कारण बंद पेटीत रंगाचा वास महिनोन्महिने राहतो, जुन्या चादरीचं अस्तर टाकलं. खाली चार लाकडी ठोकळे ठेवलेत, फरशी पुसताना तळाला पाणी लागू नये म्हणून. आता वर चहाचे कप, आत गोधड्या, पाहुणे आले की त्यावर बसतात पण. रंगाला एक टवका नाही.

दुसरी सागवानी खुर्ची. वेत फाटलेला, विक्रेता ९०० म्हणत होता, ५०० ला दिली. जुनं लाकूड घेताना आधी उलटं करून बघा, टाचणीएवढी भोकं आणि खाली पिठासारखी पावडर पडत असेल तर आत भुंगा आहे, फुकट दिलं तरी नको, तो तुमच्या बाकीच्या फर्निचरमध्ये पण जातो. वेत विणून घ्यायला खुर्चीपेक्षा जास्त पैसे सांगितले म्हणून मी सुती नवार आणली, दोरी-नवारीच्या दुकानात मिळते, आणि आडवी-उभी विणून चौकटीला खालून चुका (बारीक खिळे) ठोकल्या. बसायला खूप मस्त लागते, उन्हाळ्यात पाठीला वारा लागतो. पण काही महिन्यांत झोळ पडला, चुका काढून सगळी परत ओढून बसवावी लागली, ते धरूनच चाला. लाकडाला चपडीचं (लाखेच्या पापड्या) पॉलिश केलं, चपडी स्पिरिटमध्ये रात्रभर विरघळवायची आणि कापसाच्या बोळ्याने हात फिरवत राहायचं. हे काम जून ते सप्टेंबर अजिबात करू नका, हवेतल्या दमटपणाने पॉलिशवर पांढरट झाक येते. शिवाय गरम कप ठेवला की डाग पडतो, त्यामुळे खुर्चीला ठीक, टेबलाला टचवूडसारखं तयार लाकडी पॉलिश बरं.

चॉक पेंट, म्हणजे खडूसारखा मॅट दिसणारा फर्निचरचा रंग, व्हिडिओत सगळ्यांना आवडतो, माझं मत थोडं वेगळं आहे. हा प्रकार ॲनी स्लोन नावाच्या ब्रिटिश बाईंनी १९९० मध्ये आणला, बाहेरून आलेला डबा आपल्या बजेटच्या बाहेर, म्हणून लोक घरीच करतात. तीन वाट्या इमल्शन (भिंतीचा पाण्यातला रंग), एक वाटी पीओपी (प्लास्टर ऑफ पॅरिस), एक वाटी पाणी. पीओपी आधी पाण्यात गुठळ्या मोडून कालवायचं, मग रंगात, आणि लागेल तेवढंच करायचं कारण ठेवलं की घट्ट होतं. फोटोत एकदम भारी दिसतं, मऊ, मॅट. पण वरून वॅक्स किंवा वार्निश नसेल तर तो रंग सगळं पितो, पलंगाशेजारच्या छोट्या टेबलावर खोबरेल तेलाच्या बाटलीचा गोल उठलाय तो आता कायमचा. फोटोफ्रेम, आरशाची चौकट यांना जरूर वापरा, रोज हात लागतो तिथे साधा ऑइल पेंटच लावा.

कापडाचं काम मात्र पूर्ण मार्क. आईच्या विरलेल्या सुती साड्यांची गोधडी समोरच्या बिल्डिंगमधल्या काकूंकडून शिवून घेतली आणि उरलेल्या काठांच्या उशा केल्या. मशीनमध्ये कितीदा धुतली, दरवेळी अजून मऊ होतेय. खणाच्या कुशन कव्हरचा सध्या सगळीकडे ट्रेंड आहे, दिसतात सुंदर, फक्त खणाचा पन्हा कमी असतो त्यामुळे मोठ्या कुशनला जोड द्यावा लागतो, आणि शिवायच्या आधी वेगळा धुऊन घ्या, लाल आणि जांभळा रंग सोडतात. इरकलीचा पडदा पण केला होता, पश्चिमेच्या खिडकीत, एका उन्हाळ्यात उन्हाची बाजू फिकी पडली. मागून पांढरं अस्तर लावल्यावर आता बरंय.

सगळं मिळून खर्च सहा हजारांच्या आत, त्यात ब्रश, वॉटर पेपर, हातोडी धरून. वेळ धरला तर स्वस्त म्हणवत नाही, नवरा म्हणतो तेवढ्या रविवारांत नवीन सोफ्याचे पैसे कमावले असते. असू दे.

आता चिकटवलेल्या गोष्टी. ओट्यामागे लावायचं मार्बलचं स्टिकर: गॅसच्या मागे वाफ आणि फोडणीचं तेल लागून कडा उचलल्या, उचललेल्या कडेत झुरळांनी घर केलं, विषय संपला. काढताना हेअर ड्रायरने गरम करत सावकाश सोलायचं, उरलेल्या चिकट्यावर खोबरेल तेल लावून थोडा वेळ ठेवायचं आणि मग भांड्याच्या साबणाने घासायचं, टाइल्स अगदी पहिल्यासारख्या होतात. ओलीच्या भिंतीवर वॉलपेपर तर विचारही करू नका, ओल आत कोंडते आणि मागे काळी बुरशी. गॅलरीत ग्लू गनने शंख लावलेला आरसा केला होता, एप्रिलच्या दुपारी गोंद मऊ पडून शंख एकेक करून खाली. आणि सुतळी गुंडाळलेल्या काचेच्या बाटल्या, ज्या प्रत्येक व्हिडिओत असतातच असतात, त्यांच्यावर जुलैत हिरवट बुरशी आली, वास वेगळा. सुतळी कापून बाटल्या भंगारवाल्याला दिल्या, त्याने सोबतच्या रद्दीचे पैसे दिले, काचेचे काही मिळणार नाहीत म्हणाला.