फोमची मुळाक्षरं: ट्रे मस्त, सुटी अक्षरं मात्र बघून घ्या

लेक सिनियर केजीत आहे, तिच्यासाठी ऑनलाइन मागवलेला फोमचा सेट. ट्रेमध्ये खाचा, त्यात बसणारी रंगीत मुळाक्षरं, खाली एक ते दहा अंक, साडेतीनशेच्या आसपास पडला. पाचपैकी तीन स्टार देतेय आणि त्यातले दोन एकट्या ट्रेचे आहेत. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाहीये.

चांगलं आधी. फोम जाड आहे, वास नाही, धुतला तरी रंग जात नाही. आणि ट्रेची आयडिया खरंच भारी, कारण खाचेत अक्षर एकाच बाजूने बसतं, उलटं धरलं की बसतच नाही, मग पोरं आपोआप फिरवून बघतात, पलटून बघतात आणि अक्षराला पुढची बाजू असते हे कुणी न सांगता हाताला कळतं. डिलिव्हरी वेळेत, बॉक्स चेपलेला, असो.

घोळ सुरू होतो ट्रेच्या बाहेर. सगळे तुकडे दोन्ही बाजूंनी सेम, तोच रंग, तसाच गुळगुळीतपणा, त्यामुळे फरशीवर शब्द लावायला बसलं की क आरशातला, ग आरशातला आणि बाईसाहेब खुशाल वाचून मोकळ्या! अंकांचं तर विचारूच नका, ३ पलटला की सरळ ६ होतो, छत्तीस लाव म्हटलं तर सहासष्ट लागतात आणि वर "बरोबरे ना आई?" कस्टमर केअरला सांगितलं तर म्हणे मॅम, दोन्ही साइडने वापरता येतं हेच तर आमचं फीचर आहे. घ्या!

आता यात पोरीचा दोष काहीच नाही हे लिहायला पाहिजे, कारण रिव्ह्यूंमध्ये बरेच जण "मुलं कन्फ्यूज होतात" एवढंच लिहून सोडून देतात. आपला मेंदू मुळात उजवं-डावं सारखंच धरतो, गाय इकडे तोंड करून उभी राहिली काय नि तिकडे काय, गाय ती गायच. ही सवय वाचायला शिकताना मोडावी लागते, आणि हे मोडणं नुसतं अक्षरांपुरतं राहत नाही, चित्रं बघतानाही दिसतं. साक्षर माणसाला एखादं चित्र आणि त्याचं आरशातलं रूप दाखवून "दोन्ही एकच का?" विचारलं तर तो हो म्हणायला जरा अडखळतो, निरक्षर माणूस अडखळत नाही. गंमत म्हणजे लिपीवरही हे अवलंबून असतं. १९९८ साली फक्त तमिळ वाचणाऱ्यांवर एक अभ्यास आला होता, तमिळमध्ये इंग्रजीच्या बी-डीसारख्या आरशातल्या जोड्या नाहीत, तर आरशातल्या आकृत्या वेगळ्या काढण्यात ते लोक बरेचसे निरक्षरांसारखेच निघाले. आपल्या अक्षरांतही तशा जोड्या जवळजवळ नाहीतच, ३ आणि ६ हीच काय ती, आणि नेमकी तीच या सेटने घालवली.

दुसरी तक्रार मला जास्त खटकली. ध आणि भ. यांची शिरोरेघ डावीकडे तुटलेली असते, तिथली फट हीच तर ओळख, ध चा घ आणि भ चा म होऊ नये म्हणून. यांच्या कटिंगमध्ये ती फट भरूनच गेलीय, नख घालून बघितलं, नुसती खळगी आहे. हे माझ्या आधी पकडलं आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींनी. त्या सध्या 'उल्लास' या सरकारी प्रौढ साक्षरता कार्यक्रमाच्या वर्गाला जातात, काम आटपलं की सेट घेऊन लेकीशेजारी बसतात. ध हातात घेऊन म्हणाल्या, "ताई, हा घ दोनदा आलाय का? आमच्या बाईंनी फळ्यावर काढलेला असा नव्हता." इतकं बारीक बघणं केजीतल्या मुलीला अजून जमत नाही. या वयात शिकून काय होणार असं मावशींना कोणीतरी ऐकवलं होतं म्हणून सांगते, २०१७ च्या एका अभ्यासात लखनौजवळच्या गावांतल्या निरक्षर बायकांना (जास्त करून तिशीतल्या) सहा महिने देवनागरी वाचायला शिकवून आधी-नंतर मेंदूचे स्कॅन काढले होते, तर फरक मेंदूच्या अगदी आतल्या, नजर कुठे वळवायची ते सांभाळणाऱ्या भागांपर्यंत दिसला. आणि २०१० च्या ब्राझील-पोर्तुगालमधल्या ६३ जणांच्या अभ्यासात मोठेपणी वाचायला शिकलेल्यांच्या मेंदूतही डाव्या बाजूचा अक्षरं ओळखणारा भाग जागा झालेला सापडला. तेव्हा मोठ्यांसाठी घेत असाल तर बिनधास्त घ्या, फक्त ध नि भ ब्लेडने नीट कापून घ्या. मी तेच केलं, फोम सहज कापला जातो.

बाकी, ळ नाहीच! ल आणि श पण हिंदी वळणाचे, शाळेत पाकळीचा ल नि देठाचा श शिकवणार (शासनाचा २०२२ चा जीआर तेच सांगतो) आणि घरी हे. वर "मराठी" छापलंय म्हणजे मराठी झालं का? वेलांट्या-काने वेगळे दिलेत पण इतके बारीक की सोफ्याखाली गेले की गेलेच.

उलटसुलट होण्यावर आम्ही उपाय केला तो असा, प्रत्येक तुकडा ट्रेमध्ये बसवला आणि मग खालच्या बाजूला काळी चिकटपट्टी लावली, काळं दिसलं की पलट. त्यानंतर सहासष्टचा विषय बंद. कंपनीने मागची बाजू नुसती पांढरी ठेवली असती तरी भागलं असतं.

ऑनलाइनपेक्षा दुकानातून घेणं बरं. पाकीट उघडायला लावा, ळ आहे का बघा, ध वर नख फिरवा, फट लागली तरच पैसे द्या.