पीसी मधेच बंद पडतो? फॉरमॅट मारण्याआधीच्या पाच फुकट टूल्सचा रिव्ह्यू

मधेच बंद पडणारा पीसी दुकानात नेला की दोन उत्तरं ठरलेली असतात: ‘फॉरमॅट मारून बघू’ नाहीतर ‘एसएमपीएस गेलाय’, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा. दोन्ही कधीकधी बरोबर निघतात, पण अंदाजाने. दुखणं रॅमचं असेल तर नवी विंडोजही काही दिवसांत कोसळते, आणि इन्स्टॉल होतानाच फाइली बिघडल्या तर जुन्या दुखण्यात नव्याची भर. मेमटेस्ट८६, एचडब्ल्यूइन्फो, ओसीसीटी, क्रिस्टलडिस्कइन्फो आणि ब्लूस्क्रीनव्ह्यू ही पाच टूल्स घरगुती वापराला फुकट आहेत आणि दोन जुन्या पेन ड्राइव्हवर मावतात. इथे त्यांना लावलेली कसोटी एकच: दोषी पार्टचं नाव टूल सांगतं का, आणि ते कुठे फसवतं.

टूल उतरवण्याआधी मात्र विंडोजमध्येच असलेला इव्हेंट व्ह्यूअर उघडा. स्टार्टवर राइट क्लिक, इव्हेंट व्ह्यूअर, विंडोज लॉग्ज, सिस्टिम. तिथे ‘कर्नल-पॉवर ४१’ ही लाल नोंद जवळपास नक्की सापडेल, आणि ती बघून अर्धी जनता एसएमपीएस विकत घ्यायला निघते. ४१ चा अर्थ एवढाच की मागच्या वेळी विंडोज नीट बंद झाली नव्हती. खरी माहिती डिटेल्स टॅबमध्ये ‘बगचेककोड’समोर असते. तो आकडा शून्य असेल तर विंडोजला क्रॅश लिहून ठेवायलाही वेळ मिळाला नाही: वीज गेली, एसएमपीएसने हात टेकले, प्रोसेसर तापून बंद झाला किंवा मशीन जागच्या जागी गोठलं. शून्य नसेल तर तो दशमान आकडा लिहून घ्या. २६ आला तर आधी रॅम तपासायची. २९२ म्हणजे हार्डवेअरनेच तक्रार केली, बहुधा प्रोसेसर, व्होल्टेज किंवा बोर्ड. २७८ ग्राफिक्सचा, ड्रायव्हर किंवा कार्ड. १२२ आला तर डिस्क आणि तिची केबल. त्याच टॅबमधला ‘पॉवरबटनटाइमस्टॅम्प’ही बघा. तो शून्य नसेल तर घरातल्याच कुणीतरी बटण दाबून धरलंय.

ब्लू स्क्रीन, म्हणजे क्रॅशचा संदेश दाखवणारी निळी स्क्रीन, वाचायच्या आत पीसी रिस्टार्ट होत असेल तर सिस्टिम प्रॉपर्टीज, ॲडव्हान्स्ड, स्टार्टअप अँड रिकव्हरी इथे जाऊन ‘ऑटोमॅटिकली रिस्टार्ट’ची टिक काढा. विंडोज ११ च्या २०२५ मधल्या अपडेटपासून ही स्क्रीन निळी नसून काळी येते, त्यामुळे ‘डिस्प्ले गेला’ असं समजू नका. काळ्यावर अक्षरं आहेत का ते बघा.

आता पहिलं टूल, आणि पाचांतलं सगळ्यात भरवशाचं: रॅम तपासणारं मेमटेस्ट८६. ते बनवणाऱ्या पासमार्कच्या साइटवरून झिप उतरवली की तिच्यातच इमेजयूएसबी नावाचा प्रोग्राम असतो, तो पेन ड्राइव्ह तयार करून देतो. त्या ड्राइव्हवरचं सगळं पुसलं जातं, लग्नाचे फोटो असलेला पेन ड्राइव्ह घेऊ नका. मग पीसी चालू करताना बूट मेन्यू उघडायचा: असूसच्या बोर्डला एफ८, एमएसआयला एफ११, गिगाबाइट, डेल आणि लेनोवोला एफ१२, एचपीला एफ९. सिक्युअर बूट, म्हणजे सही नसलेला प्रोग्राम बूट होऊ न देणारी सोय, बंद करावं लागत नाही, मायक्रोसॉफ्टची सही त्याला आहे. फुकट आवृत्ती चार पास, म्हणजे चाचण्यांच्या चार फेऱ्या, चालते. पहिला पास मुद्दाम छोटा ठेवलेला असतो, म्हणून एक पास झाला की ‘रॅम ओके’ म्हणून मोकळं होणं चूक. १६ जीबीला चारही पास व्हायला काही तास सहज लागतात.

निकाल वाचायला सोपा: एकही एरर आली तर रॅमची साखळी सदोष. रॅममध्ये ‘दोन-चार एरर चालतात’ असं काही नसतं. अपवाद १३ व्या चाचणीचा. ती रोहॅमर नावाची मुद्दाम छळणारी चाचणी आहे. बाकी सगळ्या स्वच्छ आणि एरर फक्त तिच्यात, तर घरगुती क्रॅशचं कारण बहुधा ते नसतं.

इथे साखळी म्हटलं कारण टूल एरर दाखवतं, पण दोष रॅमच्या पट्टीत आहे, ती बसते त्या स्लॉटमध्ये आहे, बायॉस (बोर्डाचं स्वतःचं सॉफ्टवेअर) सेटिंगमध्ये आहे की प्रोसेसरच्या मेमरी कंट्रोलरमध्ये, ते आपल्याला शोधावं लागतं. त्याचा क्रम असा. आधी बायॉसमध्ये एक्सएमपी किंवा एक्स्पो, म्हणजे रॅम जादा वेगाने चालवणारी सेटिंग, बंद करून पुन्हा चाचणी. तेवढ्याने एरर गेली तर पट्टी मेलेली नाही, तिला त्या वेगावर या बोर्डात चालवता येत नाही इतकंच. तरीही एरर राहिली तर पीसी बंद करून, वायर काढून, एकच पट्टी प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये लावा. चार स्लॉटच्या बहुतेक बोर्डांत एका पट्टीची जागा तीच असते. मग दुसरी पट्टी त्याच स्लॉटमध्ये, आणि हेच आणखी एका स्लॉटमध्ये. एकच पट्टी दोन्ही स्लॉटमध्ये एरर देत असेल तर दोष पट्टीचा. दोन्ही पट्ट्या एकाच स्लॉटमध्ये एरर देत असतील तर स्लॉट, बोर्ड किंवा प्रोसेसरची पिन. पट्टीचे सोनेरी कॉन्टॅक्ट खोडरबराने घासायची आपल्याकडची पद्धत कामाची आहे, पण खोडरबराची भुकटी स्लॉटात पडली तर नवं दुखणं. आयसोप्रोपाइल अल्कोहोल आणि सुती कापड बरं.

खूप जुना, यूईएफआय (बायॉसची नवी पद्धत) नसलेला पीसी असेल तर हे टूल चालणार नाही. तिथे मेमटेस्ट८६+ घ्या. नाव जवळपास तेच असलं तरी प्रकल्प वेगळा आहे, ओपन सोर्स आहे, आणि २०२२ मधल्या सहाव्या आवृत्तीपासून जुन्या बायॉसवर आणि नव्या यूईएफआयवर दोन्हीकडे चालतो. विंडोजमध्ये येणारं मेमरी डायग्नोस्टिक मात्र फार वरवरचं आहे. त्याने एरर दाखवली तर खरी माना, नाही दाखवली तर काहीच सिद्ध होत नाही.

मेमटेस्टची मर्यादा सोलापुरात जास्त जाणवते. लोक ते रात्री लावून झोपतात. पहाटे खोलीत २६ अंश असतं, रॅम पास होते, आणि मे महिन्यात दुपारी तीनला, पत्र्याच्या खोलीत ४० च्या आसपास पारा असताना तोच पीसी पुन्हा कोसळतो. काठावरची रॅम गरम झाली की चुकते. चाचणी दुपारी, साइड पॅनल लावून करा. शिवाय मेमटेस्ट चालू असताना ग्राफिक्स कार्ड जवळजवळ झोपलेलं असतं, त्यामुळे गेमिंगमध्ये कॅबिनेटच्या आत होणारी भट्टी इथे तयारच होत नाही.

त्यासाठी पीसीच्या आतलं तापमान दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो. सुरू करताना ‘सेन्सर्स ओन्ली’ निवडा, नाहीतर समोर येणाऱ्या खिडक्या बघूनच माणूस बंद करतो. यात बघायच्या गोष्टी तीन-चारच: सीपीयू पॅकेजचं म्हणजे प्रोसेसरचं तापमान, ‘थर्मल थ्रॉटलिंग’समोर (तापल्यामुळे वेग कमी होणं) ‘येस’ आहे का, ग्राफिक्सचं हॉट स्पॉट म्हणजे सगळ्यात गरम जागा, आणि अगदी खाली ‘विंडोज हार्डवेअर एरर्स’चा आकडा. तो शून्यच असायला हवा. खालच्या पट्टीतलं लॉगिंगचं बटण दाबून ठेवलं की दर दोन सेकंदांनी एक ओळ फाइलमध्ये लिहिली जाते. क्रॅश झाल्यावर फाइलची शेवटची ओळ बघायची. सीपीयू ९८ वर असताना बंद पडला तर प्रोसेसरचा कूलर, ६० वर असताना बंद पडला तर उष्णतेचा संशय उतरला आणि वीज किंवा बोर्डाकडे वळायचं. या एका सोयीसाठी हे टूल कायम पीसीत ठेवावं.

आकडे वाचताना खोलीचं तापमान धरायला विसरू नका. खोली जितकी तापते साधारण तितकाच प्रोसेसरही वर जातो. जानेवारीत २६ अंशांच्या खोलीत ७८ वर असलेला प्रोसेसर ४० च्या खोलीत ९२ च्या घरात जातो. इंटेलची मर्यादा बहुतेक मॉडेल्सना १०० अंश, बऱ्याच रायझनना ९५. म्हणजे हिवाळ्यात ‘ठीक’ दिसलेला पीसी एप्रिलमध्ये उरलेली जागा खाऊन टाकतो. सोलापूरच्या पूर्व भागात, जिथे घराला लागूनच यंत्रमाग आहे, तिथे हीटसिंकच्या पट्ट्यांत धुळीऐवजी सुताचा तूस घट्ट बसतो. तो ब्लोअरने निघत नाही, पंखा उतरवून ब्रशने काढावा लागतो. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. पाण्याच्या कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर सोडणं हा उपाय नव्हे: ओलसर हवा आणि तूस मिळून बोर्डावर जो थर होतो तो कॉन्टॅक्ट खातो. कूलर खोली गार करायला, पीसी नव्हे.

एका बाबतीत एचडब्ल्यूइन्फोवर अजिबात विसंबू नका: व्होल्टेज. १२ व्होल्टची ओळ त्यात कधी ११.२ दिसते, कधी चक्क ८. बोर्डाचा सेन्सर चुकीचा वाचला जातो. मल्टिमीटरने एसएमपीएसच्या मोलेक्स जॅकवर पिवळी आणि काळी वायर मोजा, लोड चालू असताना. ११.४ ते १२.६ ही मान्य कक्षा, लाल वायरीला ४.७५ ते ५.२५.

लोड द्यायला ओसीसीटी. याची ‘पॉवर’ चाचणी प्रोसेसर आणि ग्राफिक्स दोन्ही एकदम ताणते, आणि कमजोर एसएमपीएस उघडा पाडायला याच्याइतकं उपयोगी दुसरं फुकट काही नाही. धोकाही तोच. बिननावाच्या एसएमपीएसवर हे चालवलं तर तो जाऊ शकतो, जाताना बोर्डालाही नेऊ शकतो. आधी एसएमपीएसचं स्टिकर वाचा. वर मोठ्या अक्षरात ४५० वॅट आणि खाली १२ व्होल्टसमोर १८ अँपिअर असेल तर गुणाकार करा: २१६ वॅट. एकट्या आरटीएक्स ३०६० ला १७० वॅट लागतात, एनव्हिडिया तिच्यासाठी ५५० वॅटचा एसएमपीएस सुचवते. असा एसएमपीएस असेल तर चाचणीची गरजच नाही, उत्तर स्टिकरवरच मिळालं. स्टिकर बरं असेल तर पाच मिनिटांपासून सुरुवात करून अर्ध्या तासापर्यंत न्या, शेजारी बसून.

ओसीसीटी व्यवस्थित पार पडते आणि तरीही बगचेककोड शून्यच येत असेल, तर पीसी सोडून भिंतीकडे बघा. ६०० व्हीएच्या यूपीएसचे प्रत्यक्षात वॅट साधारण ३६०. आतली १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी दोन-तीन वर्षांत थकते, आणि सोलापूरच्या उन्हात लवकर. लाइट क्षणभर गेली की यूपीएस बॅटरीवर जायच्या आतच पीसी रिस्टार्ट होतो आणि घरच्यांना वाटतं विंडोज बिघडली. स्वस्त यूपीएस बॅटरीवर असताना देतो ती चौकोनी वेव्ह काही ॲक्टिव्ह पीएफसी प्रकारच्या एसएमपीएसना मानवत नाही, तेव्हा यूपीएस नवा असूनही हेच होतं. जुन्या पेठांतल्या घरांत आणखी एक: थ्री-पिन सॉकेट आहे पण अर्थिंगची वायर कुठेच गेलेली नाही. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात ते यामुळेच. एसएमपीएसच्या फिल्टरमुळे पत्र्यावर मेन्सच्या निम्मं, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास दिसतं. वायरमनकडून फेज ते अर्थ मोजून घ्या: २३० च्या जवळ हवं. न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्ट ठीक.

डिस्कचं आरोग्य दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फोवर फार बोलायला नको, कारण ते फार बोलत नाही. निळं ‘गुड’, पिवळं ‘कॉशन’. निळं असलं तरी ‘करंट पेंडिंग सेक्टर’ शून्य आहे का ते बघा, आणि ‘सीआरसी एरर काउंट’ वाढत असेल तर डिस्क नव्हे, साटा केबल बदला. पाचांतली ही सगळ्यात स्वस्त दुरुस्ती. आकडे हेक्समध्ये येतात, फंक्शन मेन्यूतून ते दशमान करून घ्या. एक गोष्ट याला दिसत नाही: क्रॅशनंतर ‘बूट डिव्हाइस सापडत नाही’ असं येतं आणि वायर काढून पुन्हा लावली की सगळं ठीक, अशा एसएसडीचं आरोग्य इथे ९९ टक्के दिसू शकतं. डिस्कच गायब झाल्यामुळे क्रॅशची फाइलही लिहिली जात नाही. ती लक्षणं बहुधा एसएसडीचीच.

शेवटचं ब्लूस्क्रीनव्ह्यू, आणि इथे गुण कापावे लागतात. सोपं आहे, मिनीडंप फोल्डरात विंडोजने लिहून ठेवलेल्या सगळ्या क्रॅशची यादी तारखांसह देतं, पण दोषी म्हणून बहुतेक वेळा विंडोजच्या कर्नलची, म्हणजे गाभ्याची, फाइल दाखवतं. ती बघून फॉरमॅट मारणारे पुष्कळ. उपयोग उलटा करा: चार-पाच क्रॅशमध्ये एकच ड्रायव्हर परत परत दिसत असेल तर तो ड्रायव्हर, दर वेळी नवाच कोड आणि नवीच फाइल असेल तर सॉफ्टवेअर सोडा, मेमटेस्टकडे परत जा.

इंटेलच्या १३ व्या-१४ व्या पिढीचा डेस्कटॉप प्रोसेसर असणाऱ्यांनी मात्र या सगळ्याआधी बायॉस अपडेट करावं. गेम उघडताना ‘आउट ऑफ व्हिडिओ मेमरी’ येऊन बंद पडणं हे त्यातल्या काहींचं ओळखीचं लक्षण. जादा व्होल्टेजमुळे चिप झिजत होती हे इंटेलने २०२४ मध्ये मान्य केलं, बायॉसमधून मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतला सुधारित कोड) दिला आणि डब्यातून घेतलेल्या बाधित प्रोसेसरची वॉरंटी तीनवरून पाच वर्षं केली. अपडेटने पुढची झीज थांबते, झालेली भरत नाही. त्यानंतरही क्रॅश येत असतील तर बिल शोधा.

रॅमचंही तसंच. अनेक ब्रँड लाइफटाइम वॉरंटी देतात, पण पट्टीवरचं सिरीयलचं स्टिकर शाबूत हवं आणि जोडी म्हणून घेतलेल्या दोन्ही पट्ट्या सहसा एकत्रच परत द्याव्या लागतात. मेमटेस्टच्या लाल ओळींचा फोटो, एचडब्ल्यूइन्फोची लॉग फाइल आणि बगचेककोड एवढं घेऊन दुकानात जा. त्यावरही काउंटरवरून ‘आधी फॉरमॅट मारू’ असंच आलं, तर पट्टी खिशात घालून पुढचं दुकान गाठा.