दिवाणी दाव्यासाठी वकील नेमताना : अमळनेरच्या न्यायालयातील अनुभव

अमळनेर तालुक्यातील आमच्या वडिलोपार्जित शेताच्या बांधाचा दावा २०१९ पासून चालू असून या काळात मी दोन वकील नेमले. पहिल्यांच्या कामाबद्दल माझी तक्रार आहे आणि दुसऱ्यांच्या कामाबद्दल बहुतांशी समाधान आहे. दोघांचीही नावे मी मुद्दाम दिलेली नाहीत. तक्रार नावानिशी मांडण्याची ही जागा नव्हे, आणि बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनुसार वकिलाला स्वतःची जाहिरात करता येत नसल्यामुळे पक्षकाराने केलेली उघड स्तुतीही त्यांच्यासाठी अडचणीची ठरू शकते.

शेजारच्या गटधारकाने नांगरट करताकरता बांध आमच्या बाजूला सरकवला आणि सुमारे ११ गुंठे जमीन त्याच्या कपाशीखाली गेली. नात्यातल्या वडीलधाऱ्यांनी सल्ला दिला की वकील जळगावचाच करावा, कारण तालुक्याच्या वकिलांची समोरच्याशीही ओळख असते. त्यानुसार जळगावच्या एका नामांकित वकिलांकडे आम्ही गेलो. कार्यालयात बसायला जागा नव्हती, इतकी गर्दी होती, आणि ती गर्दी पाहूनच आम्ही निश्चिंत झालो. सातबारा, फेरफार आणि जुना मोजणी नकाशा त्यांच्या कारकुनाने ठेवून घेतला, वकीलपत्रावर सह्या झाल्या आणि ४०,००० रुपये आगाऊ दिले. प्रत्यक्ष वकीलसाहेबांशी आमचे बोलणे दहा मिनिटेही झाले नसेल.

पुढच्या अडीच वर्षांत ते अमळनेरला दोनदा आले. बहुतेक तारखांना एखादे ज्युनिअर यायचे, साहेब सत्र खटल्यात अडकले आहेत असे सांगून मुदतीचा अर्ज द्यायचे आणि आम्ही दिवसाची मजुरी बुडवून घरी परतायचो. मधला काही काळ करोनामुळे न्यायालयाचेच काम मंदावले होते, त्याचा दोष मी कोणाला देत नाही. मात्र खरी हानी तारखांमुळे झाली नाही. ती दाव्याच्या मूळ मागणीतच होती आणि मला त्या वेळी ती कळण्याचे काही कारण नव्हते.

आमचा दावा केवळ कायम मनाईहुकमाचा लावलेला होता, म्हणजे प्रतिवादीने आमच्या वहिवाटीस अडथळा करू नये, एवढीच मागणी होती. वास्तविक ११ गुंठ्यांचा ताबा दावा लावण्यापूर्वीच गेलेला होता. ज्याच्याकडे ताबाच नाही त्याला नुसत्या मनाईने काही मिळत नाही, त्याने ताबा मागावा लागतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये अनाथुला सुधाकर यांच्या प्रकरणात सविस्तर सांगितलेले आहे. निशाणी ५ चा, म्हणजे तूर्तातूर्त मनाईचा, अर्ज नामंजूर करताना आमच्या न्यायालयानेही प्रथमदर्शनी ताबा प्रतिवादीचा दिसतो असे आदेशात स्पष्ट लिहिले होते. तो आदेश पुढील दीड वर्ष आमच्या बाजूच्या कोणीही गांभीर्याने वाचला नाही. मला फोनवर एवढेच सांगण्यात आले की तो तात्पुरता आदेश आहे, काळजी करू नका.

२०२२ च्या सुरुवातीला वकील बदलायचे ठरले तेव्हा मी घाई केली नाही. न्यायालयाचे कामकाज खुले असते आणि कोणाही नागरिकाला मागच्या बाकावर बसता येते, याचा उपयोग मी केला. दिवाणी न्यायाधीशांच्या दालनात चार दिवस बसून मी तीन वकिलांचे काम पाहिले. एकांचा आवाज मोठा होता. पण न्यायाधीशांनी एखाद्या कागदाचा निशाणी क्रमांक, म्हणजे न्यायालयाने त्याला दिलेला क्रमांक, विचारला की ते मागे वळून कारकुनाकडे पाहत. एक जण कागदाशिवाय बोलतच नसत आणि उलटतपासात एकही प्रश्न वाया घालवत नसत. त्यांनी एका मोजणीदाराला मोजणीची नोटीस कोणाकोणाला बजावली आणि पोच कुठे आहे, एवढेच दोन प्रश्न विचारले व खाली बसले. साक्षीदाराकडे पोच नव्हती. मी त्याच दिवशी त्यांची चौकशी सुरू केली.

चौकशीसाठी आता पूर्वीसारखे चहाच्या टपरीवर अवलंबून राहावे लागत नाही. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर वकिलाच्या नावाने त्या न्यायालयातील प्रकरणे शोधता येतात आणि प्रत्येक प्रकरणात कोणत्या तारखेला काय घडले ते पाहता येते. वकिलाच्या सनदेच्या, म्हणजे वकिलीच्या परवान्याच्या, क्रमांकात नोंदणीचे वर्षही असते, त्यामुळे वीस वर्षांची प्रॅक्टिस असल्याचे सांगणारा माणूस खरोखर कधी वकील झाला हे कळते. अर्थात सनद जुनी असणे आणि दावे चालवलेले असणे या वेगळ्या गोष्टी आहेत. मी पाहिले ते इतकेच, की त्यांच्या जमिनीच्या दाव्यांपैकी किती दावे साक्षीपुराव्यापर्यंत आणि गुणदोषांवरील निकालापर्यंत पोहोचले आणि किती नुसत्या तारखांवर पडून राहिले.

याच सुमारास आणखी एका गृहस्थांचा प्रस्ताव आला होता : आधी काही देऊ नका, जमीन मिळाल्यावर दोन गुंठे आमच्या नावे करा. ऐकायला सोयीचे वाटले तरी निकालावर अवलंबून फी ठरवणे किंवा मिळकतीत वाटा घेणे बार कौन्सिलच्या नियमांनी वकिलाला मना आहे. पहिल्या भेटीतच नियम मोडायला तयार असलेल्या माणसाच्या हाती सातबारा देण्याची माझी तयारी नव्हती.

ज्यांना नेमले त्यांनी पहिल्या भेटीत वकीलपत्र पुढे केलेच नाही. दाव्याची, कैफियतीची, म्हणजे प्रतिवादीच्या लेखी उत्तराची, आणि निशाणी ५ वरील आदेशाची नक्कल आणा, मग बोलू, असे सांगून त्यांनी मला परत पाठवले. आठवड्याने गेलो तेव्हा आदेशाच्या प्रतीवर पेन्सिलीच्या खुणा होत्या आणि त्यांनी विचारलेला पहिला प्रश्न असा होता, की ताबा नेमका कोणत्या हंगामात गेला. पुढच्याच तारखेला आमचे सरतपासाचे शपथपत्र, म्हणजे आमची स्वतःची लेखी साक्ष, दाखल व्हायचे होते. ते एकदा दाखल झाले की साक्षीपुरावा सुरू झाला असे धरले जाते आणि त्यानंतर दावा दुरुस्त करून मागायचा तर योग्य ती तत्परता दाखवूनही हे आधी मांडता आले नाही, असे न्यायालयाला पटवावे लागते. आम्हाला ते पटवता आले नसते, कारण आदेश दीड वर्ष आमच्याच दप्तरात होता. त्यांनी शपथपत्र थांबवले, दुरुस्तीचा अर्ज दिला, चतुःसीमेतील उत्तरेची चूक सुधारली आणि ११ गुंठ्यांच्या ताब्याची मागणी वाढवली. कोर्ट फीचा फरक भरावा लागला. मालकी हक्कावर आधारित ताब्याच्या दाव्याची मुदत बारा वर्षांची असल्यामुळे मुदतीची अडचण आली नाही.

वकील बदलतानाचा त्रास मात्र झाला. आधीच्या वकिलांची संमती किंवा न्यायालयाची परवानगी असल्याशिवाय नवीन वकिलाला उभे राहता येत नाही आणि आधीच्या कार्यालयाने उरलेल्या फीसाठी कागद अडवून ठेवले. फी बाकी असली तरी पक्षकाराचे कागद वकिलाला अडवता येत नाहीत, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००० सालचा निर्णय आहे. तो नमूद करून नोंदणीकृत डाकेने पत्र पाठवल्यावर दहा दिवसांत दप्तर मिळाले. अशा सेवेविरुद्ध ग्राहक आयोगाकडे जाण्याचा मार्ग सर्वोच्च न्यायालयाच्या १४ मे २०२४ च्या निकालाने बंद झालेला आहे. गैरवर्तनाची तक्रार राज्य बार कौन्सिलकडे करता येते. पण त्यातून पक्षकाराचे गेलेले वर्ष परत येत नाही.

बांधाच्या दाव्यात निकाल मोजणीवर ठरतो. आमच्याकडील जुना नकाशा फक्त आमच्या गटाचा होता. नव्या वकिलांनी न्यायालयामार्फत भूमी अभिलेख कार्यालयाच्या भूकरमापकाची कोर्ट कमिशनर म्हणून नेमणूक करून घेतली आणि दोन्ही गटांची एकत्र मोजणी मागितली. मोजणीच्या दिवशी ते स्वतः शेतात आले नाहीत, पण कोणत्या खुणा दाखवायच्या आणि कोठे सही करण्यापूर्वी काय वाचायचे, हे त्यांनी आदल्या संध्याकाळी कागदावर काढून दिले. कमिशनरचा नकाशा दाखल झाल्यावर समोरच्यांनी हरकत घेतली, तेव्हा त्यांनी त्या भूकरमापकाची साक्षही नोंदवून घेतली.

साक्षीदारांची तयारी कशी करू नये हे मी पूर्वी पाहिले होते. आमचा सालदार म्हातारा आणि अहिराणीशिवाय दुसरे बोलत नाही. वकीलसाहेबांनी त्याला पाठ करायला काहीच दिले नाही, फक्त म्हणाले, ‘‘जे देखं तेच सांग, नही देखं ते नको सांगू.’’ उलटतपासात तो तीनदा ‘माले माहीत नही’ म्हणाला आणि त्याची साक्ष टिकली.

उणिवा सांगायच्या तर त्याही आहेत. ते फोन क्वचितच उचलतात आणि न्यायालयीन वेळेत तर नाहीच. फीची पावती मागितल्याशिवाय मिळत नाही. कमिशनरच्या मोजणीचा खर्च फीव्यतिरिक्त असतो हे त्यांनी आधी सांगायला हवे होते. स्वभाव तुसडा आहे. दाव्याशी संबंध नसलेली हकिकत सुरू झाली की ते सरळ दुसरी फाइल उघडतात. माझ्या वडिलांना हे फार लागले होते. उच्च न्यायालयाचे काम ते घेत नाहीत. आपल्या खान्देशातील प्रकरणे औरंगाबाद खंडपीठाकडे जात असल्याने तेथपर्यंत मजल गेली तर वेगळे वकील पाहावे लागतील, हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितले होते. फी टप्प्याटप्प्याने ठरली, एकूण ६५,००० रुपये. दुरुस्ती, साक्षीपुरावा आणि युक्तिवाद या तीन वेळी ती दिली.

मार्च २०२४ मध्ये दावा आमच्या बाजूने निकाली निघाला. प्रतिवादीने तीस दिवसांच्या आत अमळनेरच्याच जिल्हा न्यायालयात अपील दाखल केले. नुसत्या अपिलाने हुकूमनाम्याला स्थगिती मिळत नाही आणि त्यांचा स्थगितीचा अर्ज नामंजूर झाल्यामुळे आम्ही दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज, लावली आहे. तिची वेगळी फी वकीलसाहेबांनी मागितली, ती मी घासाघीस न करता दिली. बेलिफ ताबा द्यायला येईल त्या दिवशी शेतात शेजाऱ्याची कपाशी उभी असेल की नाही, याचा विचार करून त्यांनी वेचणी संपल्यानंतरची तारीख मागून घेतली आहे.