वाळ्याचे ठोंब: उतारावरच्या मातीसाठी घेतलेली एक खरेदी

चिपळूणजवळून वाहणाऱ्या वाशिष्ठी नदीच्या पाणलोटातील आमच्या वरकस, म्हणजे डोंगरउताराच्या हलक्या जमिनीसाठी एका स्थानिक रोपवाटिकेतून वाळ्याचे, म्हणजे खस गवताचे ठोंब (मुळांसकट फुटवे) घेतले. त्याला आता दोन पावसाळे झाले आहेत. सह्याद्रीच्या बेसाल्टचे उष्ण, दमट हवेत हजारो-लाखो वर्षे विदारण (खडक झिजून, कुजून फुटणे) होऊन सिलिका वाहून जाते, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहतात आणि जांभा व तांबडी माती तयार होते. बोटभर थर साचायला कित्येक पिढ्या जातात, पण झाडोरा तोडलेल्या उतारावरून तोच थर काही पावसाळ्यांत नदीत उतरतो. चिपळूणकरांनी जुलै २०२१ च्या महापुरानंतर घराघरांतून उपसलेला चिखल आठवला, की हे वेगळे सांगावे लागत नाही.

ठोंब ताजे होते, मुळे ओल्या गोणपाटात नीट बांधलेली होती. समपातळी रेषेवर (उतारावरची एकाच उंचीची आडवी रेषा) वीतभरापेक्षाही कमी अंतराने, पहिल्या पावसातच लावल्याने बहुतेक जगले. या गवताची मुळे पसरण्याऐवजी सरळ खोल जातात, त्यामुळे शेजारच्या नाचणीला त्रास झाला नाही, आणि दुसऱ्या वर्षी ओळीच्या वरच्या अंगाला गाळ अडून आपोआप पायरी बनू लागली, हे पाहून मनापासून समाधान वाटले.

तक्रार एकच: समपातळी रेषा कशी आखावी, याची माहिती विक्रेत्याने दिली नाही. एक ओळ तिरकी गेली आणि तिथे पाण्याने घळ पाडली. कातळ उघडा पडलेल्या जागी मात्र हे ठोंब घेऊ नयेत. तिथे मुळांना धरायला मातीच उरलेली नसते.