आधी कोच, मग थेरपिस्ट: दोन्ही काही महिने वापरल्यानंतर

टीम लीड झाल्यावर कंपनीनेच मला कोच दिली, म्हणजे कामातली ध्येयं ठरवायला आणि गाठायला मदत करणारी व्यक्ती. पुढे त्याच कोचच्या सांगण्यावरून थेरपी सुरू केली आणि मधले काही महिने दोन्ही बरोबरीने चाललं. पुण्यात सध्या बाणेरपासून कोथरूडपर्यंत दोन्ही प्रकारच्या पाट्या दिसतात. नेमकं कोणाकडे जायचं, असं मैत्रिणी सारख्या विचारतात, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

थेरपी भूतकाळासाठी आणि कोचिंग भविष्यासाठी, हे उत्तर सगळीकडे ऐकायला मिळतं. मला ते पटत नाही. माझ्या थेरपिस्ट सीबीटी (त्रास देणारे विचार आणि सवयी तपासून बदलण्याची पद्धत) वापरून काम करतात आणि आमचा बहुतेक वेळ गेल्या आठवड्यात काय घडलं यावरच जातो. उलट याआधीचे अवघड निर्णय मी कसे घेतले, हे कोचनेच पहिल्या भेटीत खोदून खोदून विचारलं होतं. मला जाणवलेला फरक असा: ठरवलेलं काम तुम्ही करू शकता, हे कोचिंगमध्ये गृहीत असतं. काय करायचं आणि कधीपर्यंत, एवढंच स्पष्ट करायचं असतं. ते काम आपल्याला करू न देणारं जे काही आत बसलेलं असतं, त्यावर थेरपीत काम होतं.

कोचिंगचा मला खरोखर फायदा झाला. माझी कोच ग्रो नावाची चौकट वापरायची. आधी ध्येय, मग आजची स्थिती, मग पर्याय आणि शेवटी पुढच्या भेटीपर्यंत नक्की काय करणार ते. टीममधल्या ज्युनिअर मुलांवर काम सोपवणं मला जड जायचं, ते या पद्धतीने पटापट सुटलं. ती सल्ला देत नाही, प्रश्न विचारते. सुरुवातीला याची चिडचिड व्हायची, पण स्वतः काढलेलं उत्तर आपण पाळतो, हे खरं आहे.

एक गोष्ट मात्र हलेना. मॅनेजरला ‘या तारखेला हे होणार नाही’ असं कळवायचं होतं. मेल लिहून तयार असायची, पण ड्राफ्टमध्येच राहायची. त्याचा साधा ‘कॉल करू का?’ एवढा मेसेज आला तरी छातीत धडधडायचं. पहाटे तीनला जाग यायची ती यायचीच. कोचने एकदा ध्येयाचा कागद बाजूला ठेवला आणि झोपेबद्दल, जेवणाबद्दल विचारलं. मग म्हणाली, “तुम्हाला काय करायचंय ते स्पष्ट आहे. तरी दर वेळी शरीर अडवतंय. हे माझ्या कामाच्या कक्षेतलं नाही, तुम्ही क्लिनिकल सायकॉलॉजिस्टना भेटा.” तिच्याबद्दलचा माझा आदर त्या दिवशी दुणावला. ती इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशनची प्रमाणित कोच आहे, आणि गरज पडल्यास योग्य व्यावसायिकाकडे पाठवणं हे त्या संस्थेच्या निकषांतच आहे.

थेरपीची पहिली भेट अगदी वेगळी होती. आजारपणं, औषधं, घरात कोणाला असा त्रास होता का, सगळं विचारून झालं. थायरॉइड तपासून घ्यायला सांगितलं, कारण धडधड आणि अस्वस्थता त्यानेही होऊ शकते. (रिपोर्ट नॉर्मल आला.) जीएडी-७ ही चिंतेचं प्रमाण मोजणारी प्रश्नावली भरून घेतली. गेल्या दोन आठवड्यांबद्दलचे सात प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २१. मधूनमधून ती पुन्हा भरायची असते, त्यामुळे बरं वाटतंय की नाही ते नुसत्या अंदाजावर राहत नाही.

मग वही आली. प्रसंग, मनात आलेला विचार, भावना किती तीव्र, विचाराच्या बाजूचा पुरावा, विरुद्ध बाजूचा पुरावा. ‘कॉल करू का?’ या मेसेजसमोर मी लिहिलं होतं, ‘आता मला काढणार.’ बाजूच्या पुराव्याचा रकाना रिकामाच राहिला. विरुद्ध बाजूला त्याच मॅनेजरने केलेली माझ्या बढतीची शिफारस होती. एका नोंदीने काही बदललं नाही, पण आठवड्यांमागून आठवडे लिहिल्यावर धडधड ओसरायला लागली. मधल्या काळात त्रास वाढल्यासारखाही वाटला, कारण जे टाळत होते तेच करायला लागत होतं. ती मेल अखेर गेली. तारीख आठवडाभराने पुढे सरकली, बाकी काही झालं नाही.

आता व्यवहाराचं. कोच म्हणवून घ्यायला आपल्याकडे कसलाही सरकारी परवाना लागत नाही, त्यामुळे उत्तम कोच आणि चार व्हिडिओ बघून कोच झालेला माणूस यांची पाटी सारखीच दिसते. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे असते. नोंदणी क्रमांक बिनधास्त विचारा. औषधं लागली तर ती सायकिअ‍ॅट्रिस्ट, म्हणजे मनोविकारांचे डॉक्टर देतात; कोच किंवा सायकॉलॉजिस्ट नाही.

गुप्ततेतही फरक आहे. कंपनी पैसे भरते तेव्हा कोचिंगची ध्येयं एचआर आणि मॅनेजरलाही माहीत असतात. आमचं बोलणं बाहेर जात नव्हतं, तरी मी हातचं राखूनच बोलायचे. थेरपीत मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ गुप्ततेचा हक्क देतो. जिवाला धोका असेल तर काय अपवाद होतो, तेही पहिल्याच दिवशी सांगितलं गेलं. कोचला मधल्या दिवसांत व्हॉट्सअ‍ॅप चालायचं. थेरपिस्ट फक्त वेळ ठरवण्यापुरतं उत्तर देतात. आधी ते कोरडं वाटलं, आता बरं वाटतं.

खर्च: थेरपीचे पन्नास मिनिटांना १,८०० रुपये. मानसिक आजारालाही शारीरिक आजारासारखंच विमा संरक्षण मिळावं असं तोच कायदा म्हणतो, पण माझ्या पॉलिसीत ओपीडी नसल्याने सगळं खिशातून जातं. संध्याकाळी सहानंतरची वेळ मिळायला फार थांबावं लागतं, ही माझी खरी तक्रार. एका अ‍ॅपवर ऑनलाइन प्रयत्न केला, तिथे दर वेळी नवी व्यक्ती, पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगा. ते सोडलं. ज्यांना थांबणं शक्य नाही किंवा पैशांची अडचण आहे त्यांच्यासाठी टेलि-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, चोवीस तास, मराठीतही.

सध्या थेरपी महिन्यातून एकदा. कंपनीचं कोचिंग संपलंय. पुढच्या वर्षी मॅनेजमेंटमध्ये जायचं की तांत्रिक कामातच राहायचं, हे ठरवायला त्याच कोचकडे पुन्हा जाणार आहे, या वेळी स्वतःच्या पैशांनी.